आपल्या घराची मूल्ये एकत्र बसून कशी ठरवावीत

‘आपल्या घरात असे चालत नाही’ हे वाक्य मराठी घरात वाढलेल्या बहुतेकांनी लहानपणी कधी ना कधी ऐकलेले असते. मात्र ‘असे’ म्हणजे नेमके काय आणि ते कोणी ठरवले, याविषयी फारसे कोणी बोलत नाही. तीन पिढ्या एकाच वाड्यात नांदत होत्या तोवर ते न बोलता, पाहून पाहून कळत असे. आज पुण्यातील एखादे साधे कुटुंब डोळ्यांसमोर आणा: नवरा-बायको हिंजवडीला नोकरी करतात, मुलाचा दिवस शाळेत आणि पाळणाघरात जातो, एका बाजूचे आजी-आजोबा साताऱ्याहून वर्षातून दोनदा येऊन महिना-दीड महिना राहतात, तर दुसऱ्या बाजूची आजी सदाशिव पेठेत एकटी असते. या सहा जणांच्या मनांत ‘आपले घर’ या शब्दांचे सहा अर्थ असतात आणि हे सहसा एखाद्या भांडणाच्या वेळीच लक्षात येते. घराची मूल्ये एकत्र बसून ठरवणे म्हणजे हे अर्थ शांतपणे समोर ठेवून त्यांतील सर्वांना मान्य होईल तेवढा भाग लिहून काढणे. हे काम पहिल्यांदाच करू पाहणाऱ्यांसाठी हा लेख आहे.

सुरुवातीलाच एक फरक ध्यानात घ्यावा. संस्कार वडीलधाऱ्यांकडून लहानांकडे येतात आणि त्यांचे मोल मोठेच आहे; परंतु या लेखात ज्या कामाची माहिती दिली आहे त्यात घरातील आठ वर्षांच्या मुलीचे आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजोबांचे म्हणणे सारख्याच काळजीने ऐकले जाते. मोठ्यांनी आधीच यादी तयार करून मुलांपुढे ठेवायची असेल, तर त्यासाठी बैठकीची गरज नाही आणि मुलांना तो देखावा लगेच कळतो.

पहिली पायरी: बैठक ठरवणे

सगळे एका बैठकीत उरकण्याचा मोह टाळावा. माझ्या अनुभवानुसार साधारण एकेक तासाच्या चार बैठका, आठवड्याला एक याप्रमाणे, पुरेशा होतात. दोन बैठकांच्या मधल्या दिवसांत माणसे मनातल्या मनात जो विचार करतात, तोच या कामाचा खरा भाग आहे. वेळ सर्वांच्या सोयीची हवी. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या अनेक कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते आणि मुलांच्या शाळेला रविवारी. अशा घरात कोणाची तरी सुट्टी मोडून बैठक घेण्यापेक्षा शनिवारी रात्रीच्या जेवणानंतरचा तास बरा. गणपती किंवा दिवाळीचे दिवस, मुलांच्या परीक्षांचे आठवडे आणि घरात नुकतेच मोठे भांडण झाले असेल तो आठवडा टाळावा.

बैठक कोणी चालवावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो, पण त्यावर पुष्कळ काही अवलंबून असते. घरात ज्याचा शब्द एरवी शेवटचा मानला जातो, त्या व्यक्तीने बैठक चालवू नये. तिने सर्वांत शेवटी बोलावे. लिहिण्याचे काम घरातील किशोरवयीन मुलाकडे किंवा मुलीकडे द्यावे, कारण ज्याच्या हातात वही असते त्याला ऐकावेच लागते आणि आपण नुसते उपदेश घ्यायला बसलो आहोत असे त्याला वाटत नाही. सर्वांचे मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावेत, मोठ्यांचेही.

दुसरी पायरी: भांडणांपासून सुरुवात करणे

बहुतेक घरे येथेच चुकतात, म्हणून या पायरीविषयी मी सविस्तर लिहितो. ‘आपल्याला कोणती मूल्ये महत्त्वाची वाटतात?’ असे विचारले की प्रामाणिकपणा, कष्ट, आदर, प्रेम हे शब्द कोणत्याही घरात दोन मिनिटांत कागदावर येतात. महाराष्ट्रातील शाळांत शिकलेल्या मुलांना तर परिपाठात म्हटली जाणारी श्रमप्रतिष्ठा, वक्तशीरपणा, संवेदनशीलता, सौजन्यशीलता, वैज्ञानिक दृष्टिकोन, नीटनेटकेपणा, स्त्री-पुरुष समानता, सर्वधर्मसहिष्णुता, राष्ट्रभक्ती आणि राष्ट्रीय एकात्मता ही दहा मूल्ये पाठ असतात. ती चांगलीच आहेत. परंतु अशा यादीतून तुमच्या घराविषयी काहीच कळत नाही, कारण शेजारच्या घरातही तीच यादी तयार होईल.

तुमच्या घराची मूल्ये तुमच्या भांडणांत असतात. माणूस उगाच चिडत नाही. त्याला मोलाची वाटणारी एखादी गोष्ट पायदळी तुडवली गेली की तो चिडतो. म्हणून पहिल्या बैठकीत प्रत्येकाने गेल्या सहा महिन्यांतील तीन प्रसंग लिहावेत: एक, ज्यात घरातल्याच कोणाचे वागणे मनाला लागले, दुसरा, ज्यात आपल्या घराचा अभिमान वाटला, आणि तिसरा, ज्यात आपलेच वागणे आपल्याला पटले नाही. लहान मुलांनी तोंडी सांगावे आणि दुसऱ्याने ते त्यांच्याच शब्दांत लिहावे. प्रसंग वाचताना कोणीही खुलासा देऊ नये. ‘पण त्या दिवशी मला काम होते’ हे वाक्य तेवढ्या तासापुरते बंद ठेवावे. हे फार कठीण जाते, मलाही गेले.

आमच्या घरातील एक प्रसंग सांगतो. पहिल्या बैठकीत माझ्या मुलीने, ती तेव्हा नऊ वर्षांची होती, लिहून दिले: ‘बाबांनी मला फोनवर सांगायला लावले की बाबा घरी नाहीत.’ मला तो फोन आठवतही नव्हता. तिला मात्र तो चार महिने टोचत होता, कारण खोटे बोलू नये हे मीच तिला शिकवले होते. त्याच बैठकीत माझ्या आईने लिहिले की घरी कामाला येणाऱ्या मावशींना चहा वेगळ्या कपात दिला जातो आणि ते पाहून तिला लाज वाटते. तो कप पूर्वी कधीतरी तिनेच वेगळा काढला होता, हेही तिने लिहिले. या दोन प्रसंगांतून आमच्या घराची जी दोन मूल्ये निघाली, ती कोणत्याही यादीतून निघाली नसती.

सर्व प्रसंग वाचून झाले की प्रत्येकाखाली एकच प्रश्न लिहावा: या माणसाला येथे काय जपायचे होते? वडिलांनी सिंहगडावर नेण्याचे कबूल करून ऐन वेळी कामाच्या कॉलसाठी बेत रद्द केला, तेव्हा मुलगा सहलीसाठी रडत होता की दिलेल्या शब्दासाठी? चुलत बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचे की परीक्षेसाठी घरी राहायचे, या वादात आईला नाते जपायचे होते आणि मुलीला स्वतःचा निर्णय. दोघींचे म्हणणे खरे होते. उत्तर प्रसंग लिहिणाऱ्यानेच द्यावे, इतरांनी त्याच्या वतीने देऊ नये. पहिली बैठक येथे संपवावी आणि त्या रात्री त्या प्रसंगांवर पुन्हा चर्चा करू नये.

तिसरी पायरी: एकाच शब्दाचे वेगवेगळे अर्थ उलगडणे

दुसऱ्या बैठकीत प्रसंगांमधून निघालेले शब्द एकत्र मांडावेत. येथे एक अडचण हमखास येते: शब्द एकच असतो, पण प्रत्येकाच्या मनातील चित्र वेगळे असते. आजोबांना ‘आदर’ म्हणजे मोठ्यांना उलट उत्तर न देणे वाटते, तर नातीला तो शब्द ऐकून आपले बोलणे मध्येच न तोडणारे माणूस आठवते. दोघांनीही ‘आदर’ या शब्दाला हात वर केला आणि पुढे गेले, तर सहा महिन्यांनी दोघेही एकमेकांवर अनादराचा आरोप करतील.

पुण्याच्या सार्वजनिक जीवनात याचे मोठे उदाहरण आहे. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन करणाऱ्या तरुणांमध्ये शिक्षणासाठी स्वार्थत्याग करावा याविषयी दुमत नव्हते. परंतु त्यागाची मर्यादा कोठवर, आजीव सदस्यांनी वेतनाव्यतिरिक्त बाहेरून मिळकत करावी की करू नये, अशा प्रश्नांवर त्यांच्यात तीव्र मतभेद झाले आणि टिळकांनी १८९० मध्ये संस्थेचा राजीनामा दिला. एका ध्येयासाठी आयुष्य वाहून घेतलेल्या माणसांच्या बाबतीत हे घडू शकते, तर घरात ते घडणारच.

उपाय सोपा आहे. प्रत्येक शब्दासाठी सर्वांनी ‘हे आपल्या घरात दिसते तेव्हा काय दिसते?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर द्यावे आणि उत्तरे शेजारी शेजारी लिहावीत. काही वेळा असे आढळते की एका शब्दाखाली दोन मूल्ये दडलेली आहेत. मग त्यांना दोन नावे द्यावीत. मूल्य आणि नियम यांतही येथेच फरक करावा. रात्री दहानंतर टीव्ही बंद हा नियम आहे. त्यामागे दुसऱ्याच्या झोपेची काळजी हे मूल्य असू शकते. मुले मोठी झाली की नियम बदलतो, मूल्य टिकते. मिल्टन रोकीच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात मूल्यांचे दोन गट केले होते: १८ मूल्ये आयुष्यात काय मिळवायचे यासंबंधीची आणि १८ मूल्ये कसे वागायचे यासंबंधीची. घरासाठी हा भेद उपयोगी पडतो, कारण ‘सुखी कुटुंब’ असे लिहून कोणालाच उद्या सकाळी काय करायचे ते कळत नाही. कसे वागायचे, हे लिहावे.

चौथी पायरी: निवड करणे

आता कागदावर पंधरा-वीस शब्द असतील. त्यांतून पाचच निवडावेत, कारण त्याहून अधिक मूल्ये कोणाच्या लक्षात राहत नाहीत. मतदानासाठी आमच्याकडे चिंचोके वापरले. प्रत्येक शब्दाची चिठ्ठी जमिनीवर मांडली आणि प्रत्येकाला पाच चिंचोके दिले. हवे तर पाचही एकाच चिठ्ठीवर ठेवावेत, हवे तर वाटून. लहान मुलांना हे खेळासारखे वाटते आणि मोठ्यांना आपले मत बोलून समजावून सांगावे लागत नाही. मात्र मोजणी झाली म्हणजे निवड झाली, असे समजू नये. घरातल्या एकाच माणसाने पाचही चिंचोके ज्या चिठ्ठीवर ठेवले असतील, तिच्याकडे थांबून पाहावे. सदाशिव पेठेतील एकट्या आजीने सगळे चिंचोके ‘विचारपूस’ या चिठ्ठीवर ठेवले असतील, तर पाच जणांच्या बहुमताने ती चिठ्ठी बाजूला सारणे बरोबर नाही.

निवडलेल्या मूल्यांपैकी काही एकमेकांच्या विरुद्ध ओढतील, याची तयारी ठेवावी. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञाने १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतात दहा मूलभूत मूल्ये एका वर्तुळात दाखवली आहेत. त्यात शेजारची मूल्ये एकमेकांना पूरक असतात आणि समोरासमोरची एकमेकांशी झगडतात. परंपरेचा मान आणि स्वतःच्या मनाप्रमाणे जगणे ही त्यांतली ओळखीची जोडी. म्हणून ‘दोन्ही महत्त्वाची’ एवढ्यावर न थांबता एखादा कल्पित प्रसंग घेऊन पाहावे. आजीने नातवासाठी विणलेला स्वेटर त्याला आवडला नाही. तिने विचारले, तर खरे बोलावे की तिचे मन जपावे? आमच्याकडे या एका प्रश्नावर अर्धा तास गेला आणि शेवटी आजीनेच सांगितले की खरे सांगा, पण स्वेटर पाहून सांगू नका, माझ्या शेजारी बसून सांगा. ते वाक्य आम्ही तसेच उतरवून घेतले.

पाचवी पायरी: वाक्ये लिहिणे

केवळ शब्द लिहू नयेत. याचा उत्तम नमुना प्रत्येक घरात असतो: बालभारतीच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारलेल्या या मजकुरात न्याय, स्वातंत्र्य, समानता आणि बंधुता हे शब्द आहेत, पण ते नुसते सोडलेले नाहीत. न्याय म्हणजे सामाजिक, आर्थिक व राजनैतिक. स्वातंत्र्य म्हणजे विचार, अभिव्यक्ती, विश्वास, श्रद्धा व उपासना यांचे. समानता म्हणजे दर्जाची व संधीची, असे तेथे उलगडून सांगितले आहे. तिसऱ्या बैठकीच्या आरंभी मुलाला ती मोठ्याने वाचायला सांगावी आणि मग घराचे वाक्य लिहायला घ्यावे.

वाक्य ‘आम्ही’ने सुरू करावे आणि त्यात डोळ्यांना दिसणारी कृती असावी. ‘खरे बोलावे’ याऐवजी आमच्या कागदावर असे आहे: ‘आम्ही एकमेकांना आपल्यासाठी खोटे बोलायला लावत नाही.’ श्रमाच्या मानाविषयीचे वाक्य असे: ‘आपल्यासाठी जो कष्ट करतो, त्याला आम्ही आपल्याच कपातून चहा देतो आणि त्याचे काम अवघड होईल असे वागत नाही.’ या दुसऱ्या भागाचा अर्थ मुलांना कचऱ्यावरून समजला. पुण्यात ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेचे कचरावेचक घरोघरी येऊन कचरा नेतात आणि तो हातांनी वेगळा करतात. म्हणून ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवणे, तसेच सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढणे, जेणेकरून त्यांना तो पुडा उघडावा लागणार नाही, ही त्या मूल्याची रोजची कृती ठरली.

मूल्य घराच्या भिंतींच्या आत, पाण्या-चहापर्यंत उतरले की काय होते, हे पाहायचे असेल तर मुलांना महात्मा फुले पेठेतील, म्हणजे पूर्वीच्या गंज पेठेतील, फुले वाड्यात अवश्य न्यावे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६८ मध्ये आपल्या घरचा पाण्याचा हौद तेव्हा अस्पृश्य मानल्या गेलेल्या लोकांसाठी खुला केला. त्या काळी समतेविषयी बोलणारे आणखीही काही जण होते. स्वतःच्या घरचे पाणी देण्याची किंमत मात्र फार थोड्यांनी मोजली. तिसऱ्या आणि चौथ्या बैठकीच्या मधल्या रविवारी आम्ही तेथे गेलो होतो आणि परतताना मुलीने विचारले की आपल्या घरचा हौद कोणता. मला त्या वेळी उत्तर देता आले नाही. पण कपांविषयीचे वाक्य लिहिताना ‘आपल्याच’ हा शब्द तिने आग्रहाने घातला होता, तो का, हे मला तेव्हा नीट समजले.

भाषा घरातलीच वापरावी. आजी ‘अन्नाचा मान’ म्हणत असेल, तर ते ‘अन्नसुरक्षा’ करू नये. घरात दोन बोली किंवा दोन भाषा असतील, तर एखादे वाक्य दुसऱ्या भाषेतही लिहावे.

सहावी पायरी: वेळ आणि पैसा यांच्याशी ताडून पाहणे

चौथ्या बैठकीत गेल्या महिन्याचा घरखर्च आणि गेल्या आठवड्याचे वेळापत्रक समोर ठेवावे आणि पाच वाक्यांपैकी प्रत्येकासाठी किती रुपये किंवा किती तास गेले, ते शोधावे. एखाद्या वाक्यासमोर काहीच सापडले नाही, तर दोनच मार्ग उरतात: वेळापत्रक बदलावे किंवा ते वाक्य तूर्त काढून ठेवावे. ‘विचारपूस’ हे मूल्य असेल आणि पेठेतल्या आजीला गेल्या महिन्यात एकच फोन झाला असेल, तर आठवड्यातला वार आणि फोन करणाऱ्याचे नाव तेथेच ठरवावे.

त्यानंतर

कागद दिवाणखान्यात चौकटीत लावू नये. तो पाहुण्यांसाठी होऊन बसतो. स्वयंपाकघरातील कपाटाच्या दाराला आतून चिकटवला की रोज दिसतो. त्यावर तारीख आणि सर्वांच्या सह्या असाव्यात, लहानग्याचा अंगठा असला तरी चालेल.

तो कागद मुलांना रागावण्याचे हत्यार बनवू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. ‘बघ, तूच सही केली होतीस’ असे एकदा म्हटले गेले की त्या कागदाची गोडी संपते. याउलट मोठ्या माणसाकडून वाक्य मोडले गेले आणि त्याने मुलांसमोर ‘माझे चुकले’ असे म्हटले, तर त्या एका प्रसंगाने चार बैठकांहून जास्त काम होते. एखादा किशोर बैठकीत काहीच बोलला नाही तरी त्याच्यावर जबरदस्ती करू नये. त्याची जागा कागदावर कोरी ठेवावी आणि नंतर कधीही भरता येईल असे सांगावे.

घरात नवीन माणूस आले की कागद पुन्हा उघडावा. लग्न होऊन आलेल्या सुनेच्या किंवा जावयाच्या हातात तयार यादी देणे म्हणजे ‘आपल्या घरात असे चालत नाही’ हे जुने वाक्य नव्या अक्षरात लिहिणे. त्या व्यक्तीच्या माहेरच्या किंवा घरच्या रीतींतूनही किमान एक वाक्य यावे आणि जुन्यांपैकी एखादे सोडण्याची तयारी ठेवावी. घर दोघांचेच असेल किंवा एकटी आई आणि मूल एवढेच असेल, तरी पायऱ्या त्याच राहतात; फक्त बैठका छोट्या होतात.

काही घरांत मात्र हे काम आधी करू नये. घरात मारहाण होत असेल, कोणी भीतीखाली राहत असेल किंवा व्यसनाने घर पोखरले असेल, तर एकत्र बसून मूल्ये लिहिल्याने पीडित व्यक्तीवरच समजूतदारपणाचे ओझे वाढते. तेथे आधी मदत घ्यावी: महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हे क्रमांक आहेत, तर व्यसनमुक्तीसाठी पुण्यात १९८६ पासून काम करणारे मुक्तांगण आहे. घर सुरक्षित झाल्यावर बैठकीला वेळ मिळेलच.

वर्षातून एकदा उजळणी करावी. आम्ही गुढीपाडव्याच्या संध्याकाळी करतो: वही काढतो, प्रत्येक वाक्य वाचतो, वर्षभरात ते कोणत्या प्रसंगी उपयोगी पडले आणि कोणत्या प्रसंगी आम्ही ते विसरलो, ते शेजारी लिहितो, आणि प्रत्येकाला पुन्हा पाच चिंचोके देतो. पहिल्या बैठकीसाठी तुम्हाला एक वही, एक पेन आणि सर्वांचा एक मोकळा तास लागेल. येत्या शनिवारी तो मिळतो का, हे आज रात्री जेवताना विचारून पाहावे.